नक्षी शाबूत, टायर म्हातारा

जुनी बुलेट विकायला काढलेला माणूस तिसऱ्या वाक्याला टायरवर येतो. ‘इंजिन खोललेलं नाही, कागदपत्रं क्लिअर, टायर तर नवेच आहेत.’ आणि तो खोटं बोलत नसतो. एमएच-२८ पासिंगच्या अशा कितीतरी गाड्या बुलढाणा जिल्ह्यात आहेत, ज्यांचं रोजचं काम केव्हाच सुटलं. बाजारहाट, शाळा, शेत याला स्प्लेंडर नाहीतर स्कूटी. बुलेट निघते ती एखाद्या गुरुवारी शेगावला, १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला, पाहुणे आले की लोणारला, आणि कधीमधी मित्रांच्या टोळीबरोबर अजिंठ्याला किंवा चिखलदऱ्याला. एवढ्याशा फिरण्यानं नक्षी कुठली झिजायला? खाचा खोल असतात, बोट घालून दाखवता येतात. घेणाराही बोट घालून बघतो आणि खूश होतो.

बघायला पाहिजे होतं ते तिथं नव्हतंच. रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. हौसेनं ठेवलेल्या जुन्या टूरिंग गाडीचा टायर वय होऊन संपतो, आणि वय नक्षीत दिसत नाही. टायर निवडण्याची बाकीची सगळी चर्चा, कंपनी कोणती, बटण नक्षी की लाईन नक्षी, जाड की बारीक, या एका गोष्टीनंतरची आहे. आपल्याकडे ती नेमकी आधी होते.

टायरचं रबर कारखान्यात गंधक घालून आणि ताव देऊन पक्कं केलेलं असतं. पक्कं होण्याचं ते काम साच्यातून बाहेर आल्यावर पुरतं थांबत नाही. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन ते पुढं वर्षानुवर्षं रेटत राहतात, आणि रबर कडक होत जातं. कारखानदारांना हे माहीत असल्यामुळे ते रबरातच ओझोनला अडवणारी रसायनं आणि मेण मिसळतात. गाडी चालते तेव्हा टायर लवतो, आणि लवता लवता आतलं मेण वर येऊन पृष्ठभागावर त्याचा पातळ थर धरतो. उभ्या गाडीचा टायर लवतच नाही. म्हणून हजारो किलोमीटर पळालेल्या टायरपेक्षा ओसरीत जपून ठेवलेल्या टायरला कधी कधी आधी चिरा पडतात. त्यात आपली ‘जपणूक’ म्हणजे टिनाचं शेड. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पूर्णेच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हा त्या टिनाखाली काय होत असेल ते टिनाखाली दुपारी बसलेल्यालाच ठाऊक. शिवाय धुतलेल्या गाडीच्या टायरवरून डिझेलचा बोळा फिरवायची एक सवय आहे. टायर काळाभोर चमकतो, आणि डिझेल रबर खात राहतं.

कडक झालेला टायर कोरड्या सरळ रस्त्यावर काहीच सांगत नाही. तो बोलतो पहिल्या पावसात, वळणावर, ब्रेक दाबल्यावर. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट त्याला बोलतं करायला पुरेसा आहे.

तर वय कुठं वाचायचं? टायरच्या साईडवॉलवर कंपनीच्या मोठ्या अक्षरांपासून दूर, बहुतेक वेळा एका लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टचा. हा कोड फक्त एका बाजूला असू शकतो, आणि तीच बाजू चेनगार्डकडे असली तर गुडघे टेकून, मोबाईलचा उजेड पाडून शोधावा लागतो. तीनच आकडे सापडले तर टायर गेल्या शतकातला आहे. हसू नका, अडगळीतून काढलेल्या गाडीवर असा टायर असू शकतो. कंपन्यांचा साधारण सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी काढावा. विदर्भाच्या उन्हात, दोन माणसं आणि सामान घेऊन लांब जाणाऱ्या गाडीसाठी मी दहाची वाट बघणार नाही. सहा-सात वर्षं झाली की विषय संपला. नखानं दाबून बघा. रबर किंचित दबून परत आलं तर ठीक, प्लास्टिकच्या बादलीसारखं टणक लागलं तर नक्षी किती आहे हे मोजायची गरज नाही. नक्षीचा सरकारी हिशेबही आहे. दुचाकीला खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते, आणि खाचेच्या तळाशी झिजेची खूण दाखवणाऱ्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. पण आपल्या गाडीचा प्रश्न तो नाहीच, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

हा कोड दुकानातही वाचायचा असतो, आणि जुन्या गाडीवाल्यानं तर जास्तच. स्प्लेंडरचा टायर तालुक्याच्या दुकानात महिनाभरही टिकत नाही. जुन्या बुलेटचा ३.२५-१९ हा साईज मात्र रॅकवर वरच्या फळीवर, कागद गुंडाळलेला, कधीचा पडून असू शकतो. दुकानदार फसवतो असं नाही, गिऱ्हाईकच आलेलं नसतं. त्याच्या दृष्टीनं माल कोरा आहे. आपल्या दृष्टीनं त्याचं आयुष्य फळीवर सुरू झालेलं आहे. तारीख वाचून ‘ताजा मागवून द्या’ म्हणायला लाजू नये. अकोल्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून दोन-चार दिवसांत येतो.

बजाज ॲव्हेंजरवाल्यांची अडचण आणखी वेगळी. कावासाकीच्या २००१ च्या एलिमिनेटरवरून २००५ साली ही गाडी आली. सीट बुटकी, पाय पुढं, पाठ ताठ. कंबर दुखणाऱ्या वयाच्या लोकांनी ती लांब पल्ल्यासाठी घेतली आणि अजून सोडलेली नाही. पुढं ९०/९०-१७, मागं १३०/९०-१५. मागचा हा पंधरा इंची साईज इतक्या थोड्या गाड्यांना लागतो, की चिखली-मेहकरच्या दुकानात तो आयता मिळाला तर नशीब. मग ‘याच्या जवळपासचा बसवून देतो’ अशी तडजोड सुचवली जाते. ती घेऊ नये. मागचा टायर बारीक-मोठा झाला की चाकाची उंची बदलते, गाडीचा तोल बदलतो, आणि टायर रिमवर जसा पसरायला हवा तसा पसरत नाही. ॲव्हेंजरवाल्यानं गरज पडायच्या महिनाभर आधी टायर सांगून ठेवावा, हेच खरं.

बुलेटवाल्याचा मोह याच्या उलट असतो. त्याला जाड टायर पाहिजे. नव्या गाड्यांचे मागचे रुंद टायर बघून त्याला आपली गाडी मागून किडकिडीत दिसायला लागते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या ३५० बुलेटला पुढं-मागं दोन्हीकडं ३.२५-१९ टायर असतो, आणि रिम १.८५ इंच रुंदीची. या रिमला सव्वातीन इंची टायर नीट बसतो, साडेतीन इंचीही चालतो. त्याहून जाड टायर चढवला की रिम त्याच्या कडा आत ओढून धरते, टायर मधून फुगतो आणि वळणावर टेकायचा भाग बिघडतो. बघायला भरदार, चालवायला डळमळीत. शिवाय तो मडगार्डला नाहीतर चेनगार्डला घासायची पाळी येते, ती वेगळीच.

घासण्याचं आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे, काळी माती. पावसाळ्यात एक-दोन किलोमीटर पांदण रस्त्यानं गेलात, की ही माती टायरला धरते, थरावर थर चढतो, आणि जुन्या बुलेटच्या टायरला चिकटून असलेल्या मडगार्डमध्ये ती ठासून बसते. चाक फिरायचं थांबतं. मग रस्त्याच्या कडेला तुराटीच्या काडीनं माती कोरत बसलेला माणूस दिसतो. टायर जाड केला की मुळात कमी असलेली ती फट आणखी कमी होते. जुन्या इंची साईजऐवजी नव्या पद्धतीचा टायर घ्यायचा तर पुढं ९०/९०-१९ हा ३.२५-१९ च्या अगदी जवळचा. ९० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरे ९० म्हणजे त्या रुंदीच्या नव्वद टक्के उंची, १९ म्हणजे रिम. एवढं कळलं की कुणी भलतंच गळ्यात मारू शकत नाही.

त्याच ओळीत पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं, त्याकडे कुणी बघत नाही. मला विचाराल तर तारखेनंतर टूरिंगवाल्यानं सगळ्यात आधी तेच बघावं. ‘५४ पी’ असेल तर ५४ हा वजनाचा कोड आहे, म्हणजे पूर्ण हवा भरलेला तो टायर २१२ किलो पेलतो. ५७ म्हणजे २३० किलो. अक्षर वेगाचं. पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. आता हिशेब करा. बुलेट साधारण पावणेदोनशे किलोची. नवरा-बायको मिळून दीडशे धरा. दोन्ही बाजूंच्या बॅगा, पाण्याचा कॅन, खामगावहून घेतलेला एखादा डाग, परत येताना शेगावचा प्रसाद मिळून वीस किलो. सरळ बेरीज केली तर १७५, १५० आणि २० म्हणजे ३४५. यातलं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे दोनशे सातच्या पुढं. ५४ चा टायर इथं काठावर आला. कोर्टात टिकेल असा हा हिशेब नाही, माणसं आणि सामान बदललं की बदलेल. पण लांबच्या प्रवासाला जोडीनं जाणाऱ्यांनी मागं ३.५०-१९ आणि ५७ चा टायर घ्यावा, हे यातून निघतं. म्हणजे थोडा जाड टायर घ्यायला कारण आहे, ते दिसण्याचं नाही, वजनाचं आहे. उलट वेगाच्या अक्षरामागे पैसे घालवू नयेत. जी गाडी ऐंशीवर खुशीत चालते, तिला ताशी २१० चा मऊ टायर कशाला? मऊ रबर धरतं छान, पण लवकर उडतं, आणि तो पैसा आपला असतो.

कंपन्यांबद्दल लोकांचे पक्ष पक्के असतात, मी त्यात पडत नाही. एक योगायोग मात्र सांगण्यासारखा आहे. बुलेट ज्या चेन्नईजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये १९५६ पासून बनायला लागली, त्याच तिरुवोट्टियूरमध्ये १९४६ साली फुगे बनवणारं एक छोटं शेड निघालं होतं. तेच पुढं एमआरएफ झालं. गाडी आणि टायर एका गावचे निघाले. सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ सालची, १९५८ मध्ये भारतात आली. दुचाकी टायरचा तिचा कारखाना आता नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. म्हणजे वऱ्हाडच्या दुकानात एका टायरची कंपनी समुद्रकाठची, आणि दुसऱ्याचा कारखाना शेजारचा. कोणताही घ्या, आयएसआय शिक्का आणि दुचाकीच्या टायरचा आयएस १५६२७ हा मानक क्रमांक बघा, तारीख बघा, आणि पुढचा-मागचा शक्यतो एकाच जातीचा घ्या. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा नायलॉनचा, अशी जोडी लावू नये. दोघांचं वळणावर वागणं वेगळं असतं.

पुढच्या टायरला लांब सरळ रेघा, म्हणजे लाईन टायर, ही बुलेटची जुनी ओळख. सरळ चालायला आणि पाणी कापायला तो चांगला. डांबर खरवडून ठेवलेल्या रस्त्यावर मात्र तो खाचांच्या मागं जातो आणि हँडल आपोआप हलल्यासारखं वाटतं. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग ५३ वर काम चालू असताना हे कितीतरी जणांनी अनुभवलंय. घाबरून हँडल घट्ट धरलं की आणखी वाढतं, सैल सोडायचं. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. विक्रमाचा रस्ता सोडून आपण गावाकडं वळलो की मात्र काळ्या मातीचं राज्य. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर केलेला रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून आपल्याकडचे कित्येक रस्ते खड्डे नसतानाही लाटांसारखे आहेत.

हिमालयात फिरायची हवा आल्यापासून बुलेटला बटण टायर लावायची फॅशन आली. ज्याचं शेत दोन किलोमीटर पांदणीत आहे, त्यानं खुशाल लावावा. शेगाव ते लोणार, म्हणजे खामगाव, जानेफळ, मेहकर असा सगळा डांबरी प्रवास करणाऱ्यानं का लावावा, हे मला कळलेलं नाही. डांबराला टेकतात फक्त बटणांची डोकी, मधली जागा हवेत. वळणावर बटणं मुडपतात, ओल्या घाटात ब्रेकचं अंतर वाढतं, आणि आवाज तर इंजिनाच्या वर. ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याच्या जंगलात शिरतो तिथं जाताना हे आवाजी टायर मला विशेष नकोसे वाटतात. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला टी-१-सी-१ वाघ तेलंगणातून वळसा घालत तेराशे किलोमीटर तुडवून डिसेंबर २०१९ मध्ये याच ज्ञानगंगेत आला होता. लांब पल्ल्याचा जिल्ह्यातला विक्रम बहुधा त्याच्याच नावावर आहे, आणि त्याच्या पावलांचा आवाज कुणाला आला नाही.

समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे, त्यामुळे तो आपल्या विषयाबाहेर. एका कारणासाठी मात्र आठवतो. १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तेव्हा पहिली बातमी ‘टायर फुटला’ अशीच होती. परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा निघाला नाही. टायर बोलू शकत नसल्यामुळे त्याच्यावर ढकलणं सोपं असतं. खरोखर टायरमुळे होतं ते बहुतेक वेळा फुटण्याआधी महिनोन् महिने दिसत असतं: साईडवॉलवर आलेला फुगा, चिरा, कमी हवा.

कमी हवेची जुन्या बुलेटवरची खूण फार नेमकी आहे. रिमच्या भोकातून वर आलेला ट्यूबचा वॉल्व्ह बघा. तो सरळ उभा असेल तर ठीक. एका बाजूला झुकलेला असेल, तर टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला बरोबर ओढतोय. अशा वेळी वॉल्व्हचं नट रिमशी आवळून टाकणारे असतात. तसं केलं की वॉल्व्ह झुकलेला दिसत नाही, आणि एक दिवस मुळातूनच फाटतो. पंक्चरची हवा हळू जाते, फाटलेल्या वॉल्व्हची एका दमात. जुन्या बुलेटच्या आऱ्यांच्या चाकाला ट्यूब लागतेच. टायरवर ‘ट्यूबलेस’ लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब टाकावी लागते, नवीन टायरबरोबर नवीन ट्यूब, आणि आऱ्यांच्या डोक्यांवर नवीन रिम टेप. पन्नास-शंभर रुपयांची टेप वाचवून हजारांचा प्रवास बिघडवू नये. टायर काढलेलाच आहे तर मेकॅनिककडून आऱ्या ताणून रिमचा आऊट काढून घ्यावा. टायर बसल्यावर रिमजवळून जाणारी बारीक रेघ सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. बाण चाक फिरण्याच्या दिशेला, आणि रंगाचा ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी.

पंक्चरचं आपलं कारण खिळ्यापेक्षा बाभूळ. शेतरस्त्यावरचा पांढरा काटा टायरमधून आरपार जातो, बाहेरचं टोक मोडतं आणि आतलं कुसळ राहतं. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे काढले, सोल्युशन लावून पॅच मारला, आणि दहा किलोमीटरवर पुन्हा बसली, तर दोष पॅचचा नाही. हाताला ते टोक लागत नाही. जाणता पंक्चरवाला कापसाचा पेळू टायरच्या आतून हळू फिरवतो. जिथं धागे अडकले तिथं काटा. कापसाच्या मुलखात हे हत्यार कुठंही मिळतं. टूरवर निघताना एक जास्तीची ट्यूब, दोन टॉमी आणि पंप बरोबर घ्यावा, कारण १९ इंची ट्यूब वाटेतल्या टपरीवर असेलच असं नाही.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. समजा सकाळी २५ अंशाला मागच्या टायरमध्ये ३० भरली. दुपारी रस्त्याच्या तावानं आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर तीच ३६ दाखवेल. खामगावच्या पेट्रोल पंपावर ती बघून ‘जास्त झाली’ म्हणून सहा काढून टाकली, की हिवाळ्यातल्या पहाटे बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर ती गाडी २२-२३ वर उभी असते. जुन्या बुलेटला साधारण पुढं वीस आणि मागं तीसच्या आसपास, मागं बसणारं असेल तर एक-दोन जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्यावा, टपरीवरच्या अंदाजानं नाही.

नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घाट टाळा. साच्यातून आलेलं वरचं गुळगुळीत कातडं निघेपर्यंत तो धरत नाही. बुलढाणा-चिखली एक-दोन फेऱ्या शांतपणे माराव्यात, मग राजूर घाट. आणि काढलेला जुना टायर दुकानातच सोडून येताना त्याच्या कडेला पातं मारून यावं. गुळगुळीत टायरला गरम पात्यानं नक्षी कोरून विकणारे अजून आहेत. आणि तुमच्या टायरला तर कोरायचीही गरज नाही, त्याची मूळची नक्षी तशीच आहे.